डीसीसी इंजिन गचके खातंय? सीव्हीला हात लावायच्या आधी हे बघा

मॉडेल रेल्वेच्या छंदात डिजिटल नियंत्रण, म्हणजे डीसीसी, आलं आणि इंजिन नीट चालेनासं झालं की खापर कुणावर फोडायचं हा प्रश्न सुटला. डीकोडरवर, म्हणजे इंजिनात बसवलेल्या संदेश वाचणाऱ्या सर्किटवर फोडायचं! इंजिन गचके खातं, मध्येच थांबतं, दिवे लुकलुकतात, कधी सांगितलेलं ऐकतच नाही, की लगेच हात सेटिंगकडे जातो. आज सीव्ही 3 बदल, उद्या सीव्ही 55, परवा वैतागून सगळं रीसेट. या खटाटोपात इंजिनाची मूळची चाल बिघडते आणि दुखणं जिथल्या तिथे राहतं, कारण बहुतेक वेळा ते चाकावरच्या काळ्या थरात नाहीतर सैल पडलेल्या फिशप्लेटमध्ये असतं.

सीव्ही म्हणजे डीकोडरच्या आत साठवलेले आकडे. इंजिनाचा पत्ता, वेग किती सावकाश घ्यायचा, दिवे कसे लागायचे, सगळं त्यांत असतं. ते बसल्या जागी कंट्रोलरवरून बदलता येतात म्हणून मोह होतो. चाक पुसायला मात्र उठावं लागतं.

रुळांतून काय वाहतं

जुन्या डीसी पद्धतीत रुळांना शून्य ते बारा व्होल्ट द्यायचे. व्होल्ट वाढले की वेग वाढला, तारा उलट जोडल्या की इंजिन मागे. मोटर थेट रुळांशी जोडलेली, मध्ये कुणी नाही. डीसीसीत रुळांवर कायम पूर्ण दाब असतो, एचओ (1:87) मापाला साधारण 14 ते 16 व्होल्ट. इंजिन उभं असतानाही तेवढाच. हा दाब सतत दिशा बदलत असतो आणि किती वेळाने बदलतो त्यातच संदेश असतो. एका दिशेला 58 मायक्रोसेकंद आणि मग उलट दिशेला 58, म्हणजे '1'. दोन्ही बाजू 100 मायक्रोसेकंदांच्या आसपास किंवा त्याहून लांब, म्हणजे '0'. एका संदेशात आधी निदान चौदा '1', मग इंजिनाचा पत्ता, मग आज्ञा, आणि शेवटी पडताळणीचा आकडा. एसटी स्टँडवरची घोषणा सगळ्यांनाच ऐकू येते, पण पिशव्या उचलतो तो ज्याची गाडी लागली आहे तोच. इथेही प्रत्येक डीकोडर सगळे संदेश वाचतो आणि आपल्या पत्त्याचा तेवढा पाळतो. पडताळणी जुळली नाही तर संदेश सरळ टाकून देतो.

जर्मनीतल्या बेर्न्ड लेन्झ यांच्या पद्धतीवरून अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने 1990 च्या दशकात हे मानक ठरवलं. म्हणून आज एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीच्या डीकोडरशी बोलतो, आणि अर्डुइनोवर घरी बनवलेलं डीसीसी-ईएक्स स्टेशनसुद्धा, म्हणजे रुळांत संदेश सोडणारं यंत्र, दोघांशी बोलतं.

आता मुद्द्याची गोष्ट. वेगाची साधी आज्ञा जेमतेम सहा-सात मिलिसेकंदांत पाठवून होते. म्हणजे सेकंदाला शंभराहून जास्त संदेश. त्यातला एखादा हुकला तर काहीही होत नाही, कारण डीकोडर शेवटचा वेग धरून चालत राहतो आणि तीच आज्ञा लगोलग पुन्हा येते. संदेश चुकल्याने गचका बसत नाही. गचका बसतो वीज तुटल्याने.

डीसीमध्ये चाकाखाली कचरा आला तर मोटरला क्षणभर वीज मिळत नाही, पण ती स्वतःच्या गतीने फिरत पुढे सरकते. कळतही नाही. डीसीसीत तोच क्षण डीकोडरमधल्या चिमुकल्या प्रोसेसरची वीज तोडतो. तो बंद पडतो, वीज आल्यावर पुन्हा सुरू होतो, आपल्या पत्त्याच्या आज्ञेची वाट बघतो, आणि मग बरेच डीकोडर शून्यापासून हळूहळू वेग घेतात. पापणी लवायच्या आतला खंड, पण डोळ्यांना तो सणसणीत हिसका दिसतो. डीसीवर वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने चाललेलं इंजिन डीकोडर बसवल्याबरोबर बिघडलं असं वाटतं ते यामुळेच. इंजिन तेवढंच मळकं आहे. आता फक्त ते लपत नाही.

गचका कशाला बांधलेला आहे

स्क्रूड्रायव्हर उचलायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघत बसा. सगळी इंजिनं अडखळतात की एकच? एकच असेल तर लेआउटवर, म्हणजे मांडलेल्या रुळांवर, ठरावीक जागी अडखळतं, ठरावीक अंतरानं अडखळतं, की कुठेही?

सगळीच इंजिनं एकाच जागी अडखळत असतील तर इंजिनाला दोष देऊ नका, रूळ बघा. सगळी इंजिनं एकाच वेळी, जिथे असतील तिथे, क्षणभर थांबत असतील तर कुठेतरी शॉर्ट होतोय आणि रुळांना वीज पुरवणारा बूस्टर ती तोडून पुन्हा देतोय. त्या क्षणी कोणती गाडी कोणत्या सांध्यावर, म्हणजे रूळ दोन वाटांना फुटतात त्या जागी, होती ते बघा, गुन्हेगार तिथेच आहे.

ठरावीक अंतरानं बसणारा गचका मोजता येतो, आणि हे मोजमाप मला फार आवडतं. आपल्या डब्ल्यूडीएम-2 इंजिनाचं खरं चाक नवं असताना 1092 मिलिमीटर व्यासाचं. एचओ म्हणजे 1:87, तेव्हा मॉडेलचं चाक साडेबारा मिलिमीटरचं आणि त्याचा घेर सुमारे 39 मिलिमीटर. रुळाशेजारी पट्टी ठेवून इंजिन अगदी सावकाश चालवायचं. दर 39-40 मिलिमीटरला गचका बसत असेल तर तो चाकाच्या एका फेऱ्यामागे एकदा बसतोय. मग चाकाच्या आसावरचं प्लॅस्टिकचं गियर तडकलेलं असतं, दात दुखावलेला असतो, आसाला केस गुंडाळलेला असतो, किंवा चाकाच्या रबरी टायरने जागा सोडलेली असते. गचके तीनेक मिलिमीटरला असतील तर ते मोटरच्या फेऱ्याचे आहेत, कारण मोटर आणि चाक यांतलं गियरचं प्रमाण अनेक मॉडेलांत चौदाला एकच्या आसपास असतं. मग वर्म गियर नाहीतर मोटरचा कॉम्युटेटर तपासायचा. वाफेच्या इंजिनात दोन्ही बाजूंचे क्रँक एकमेकांशी 90 अंशांत नसले तर दर फेऱ्याला इंजिन लंगडतं. यांतल्या एकाही गोष्टीवर सीव्हीचा उतारा नाही.

गचका ना जागेला बांधलेला, ना फेऱ्याला, कधीही कुठेही बसतो, असं असेल तर विजेचा संपर्क तुटतोय. नव्वद टक्के म्हणणार नाही, आकडे कुणी मोजलेले नाहीत. पण इंजिन दाखवायला कुणी आलं की मी आधी चाकंच बघतो.

आवाजाचा डीकोडर असेल तर निदान आणखी सोपं. गचका बसताना इंजिनाचा आवाजही तुटतो का, सुरुवातीपासून पुन्हा चालू होतो का? मग वीज तुटली. आवाज अखंड चालू आणि मोटर तेवढी थरथरते, मग वीज नीट पोचतेय. गडबड मोटर, गियर किंवा मोटर चालवायच्या सेटिंगमध्ये आहे. आवाज नसेल तर पुढच्या दिव्याकडे बघा, तोही हीच साक्ष देतो.

चाकं, पिकअप आणि आपली हवा

रुळावरची वीज चाकात, चाकातून मागे घासणाऱ्या पितळी किंवा फॉस्फर-ब्राँझच्या पातळ पट्टीत, तिथून तारेने डीकोडरमध्ये. ही पट्टी म्हणजे पिकअप. या वाटेवर कुठेही मळ बसला की संपलं. मुंबईची, कोकणाची दमट खारट हवा आणि मराठवाड्या-विदर्भातली धूळ, दोन्ही छंदाला मारक. पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवलेला लेआउट गणपतीनंतर उघडला की पहिल्या दिवशी एकही इंजिन धड चालत नाही. यात आश्चर्य काही नाही.

चाकं पुसायची युक्ती जुनी आहे. जाड किचन टॉवेलची पट्टी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ओली करून रुळांवर आडवी अंथरायची. हे अल्कोहोल लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतं. इंजिनाची एका टोकाची चाकं या ओल्या कागदावर ठेवायची आणि दुसऱ्या टोकाची उघड्या रुळावर, म्हणजे तिथून वीज मिळते. मग बोटांनी इंजिन धरून नॉब हळू फिरवायचा. कागदावरची चाकं जागच्या जागी फिरतात आणि कागदावर दोन काळ्याकुट्ट रेघा उमटतात. कागद सरकवायचा, पुन्हा फिरवायचं. रेघा उमटायच्या थांबल्या की इंजिन उलटं करून दुसरं टोक. वीज फक्त एकाच टोकाने घेणारी छोटी इंजिनं असतील तर त्यांची चाकं उलटं धरून इअरबडने पुसावी लागतात. रबरी टायर असलेल्या चाकाला फार अल्कोहोल लावू नका.

सँडपेपर नको. घासून चकचकीत होतात खरे रूळ आणि चाकं, पण त्यांवर बारीक चरे पडतात आणि मळाला बसायला पक्की जागा मिळते. मग दर आठवड्याला घासा. बाजारात मिळणारे खरखरीत ट्रॅक रबरसुद्धा मी फारच गंजलेल्या रुळांसाठी राखून ठेवीन.

पिकअपच्या पट्ट्या चाकाला हलकासा दाब देत टेकलेल्या असायला हव्यात. चाक बाजूला सरकवून बघा; वळणावर चाक आडवं सरकतं तेव्हा पट्टी सुटते का? सुटत असेल तर चिमट्याने नावापुरती वाकवायची. जास्त वाकवली तर ब्रेकसारखी दाबते आणि नवीनच दुखणं सुरू होतं. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे तेल. गियरला तेल द्यायचं ते सुईच्या टोकावर मावेल तेवढं, प्लॅस्टिकला चालेल असं. डब्ल्यूडी-40 चा फवारा मारून इंजिन 'मोकळं' करणाऱ्यांच्या इंजिनात ते तेल आठवडाभरात चाकाच्या मागे पोचतं, त्यावर धूळ बसते, आणि पिकअप त्या चिखलात घासत राहतात.

रूळ: एक नाणं आणि थोडं नेलपॉलिश

फिशप्लेटवर विजेसाठी विसंबून राहायचं नाही. ती दोन रूळ एका रेषेत ठेवण्यासाठी आहे. नवीन असताना वीज छान नेते, पुढे सैल पडते, आत ऑक्साइड धरतं, आणि उन्हाळ्यात चाललेला लेआउट पावसात चालेनासा होतो. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची छोटी तार सोल्डर करा आणि त्या सगळ्या तारा लेआउटखालून जाणाऱ्या दोन जाड मुख्य तारांना जोडा. घरगुती लेआउटला इलेक्ट्रिशियन ज्याला अडीच एमएम म्हणतात ती तांब्याची तार भरपूर झाली. काम कंटाळवाणं आहे, टेबलाखाली आडवं पडून करावं लागतं. पण ते एकदा केलं की अर्धी गाऱ्हाणी आपोआप बंद होतात.

तारा पुरेशा आहेत का हे बघायला एक नाणं लागतं. रुपयाचं चालेल. डीसीसी स्टेशनपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात दोन्ही रुळांवर ते आडवं टेकवायचं. बूस्टरने तत्क्षणी वीज तोडली पाहिजे. मग असं ठिकठिकाणी करत जायचं. कुठे वीज तुटली नाही तर नाणं ताबडतोब उचला: तिथल्या वाटेत इतका विरोध आहे की शॉर्ट झालेला बूस्टरला समजतच नाही, आणि तो तीन-पाच अँपिअर त्या जागी ओतत राहतो. रुळावरून घसरलेल्या इंजिनाची बोगी वितळते ती अशाच जागी. म्हणजे ही गचक्यांचीच नाही, आगीचीही तपासणी आहे.

मल्टीमीटर लावणार असाल तर एक लक्षात ठेवा. साधा मीटर एसीवर 50 हर्ट्झच्या लाटेसाठी बनवलेला असतो. डीसीसीचा चौकोनी प्रवाह सेकंदाला पाच ते साडेआठ हजार वेळा फिरतो. मीटरवरचा आकडा खरा नसेल. पण त्याच मीटरने स्टेशनपाशी आणि लांबच्या कोपऱ्यात मोजलं तर फरक दिसतो, आणि आपल्याला फरकच हवा आहे.

सांध्यांवर, म्हणजे पॉइंटवर, दोन वेगळ्या भानगडी होतात. पहिली: सांध्याच्या मधला व्ही आकाराचा फ्रॉग प्लॅस्टिकचा असेल तर तिथे वीज नसते. लांब इंजिनाची बाकीची चाकं रुळावर असतात म्हणून चालून जातं, चार चाकांचं छोटं शंटर मात्र तिथे मरतं. धातूचा फ्रॉग घेऊन त्याला सांध्याबरोबर बदलणारी वीज देणं हा पक्का इलाज. दुसरी भानगड उलटी आहे. प्लॅस्टिकच्या फ्रॉगच्या टोकाशी दोन विरुद्ध बाजूंचे रूळ अगदी जवळ येतात. रुंद चाक त्या जागी दोन्हीला एकदम शिवलं की क्षणिक शॉर्ट. ठिणगीही दिसत नाही, पण सगळा लेआउट एक आचका देतो. डीसीवर हे चालून जायचं, डीसीसीचा बूस्टर मायाच दाखवत नाही. उपाय घरातच असतो: बिनरंगी नेलपॉलिशचा एक हात, त्या टोकाशी रुळाच्या माथ्यावर, सेंटिमीटरभर. काही महिन्यांनी झिजतं, पुन्हा लावायचं. पण आधी त्या चाकांमधलं आतलं अंतर व्हर्नियरने मोजा. एचओला ते 14.4 मिलिमीटरच्या आसपास हवं. कमी असेल तर दोष सांध्याचा नाही, चाकांचा आहे.

डीकोडर काढून बघणे

रूळ स्वच्छ, चाकं स्वच्छ, तरी इंजिन अडखळतं. आता दोषाची विभागणी करायची. अलीकडच्या इंजिनांत डीकोडर सॉकेटमध्ये बसतो, 8 पिनी, 21 पिनी, नेक्स्ट18 वगैरे. इंजिनासोबत आलेला, डीकोडरच्या जागी बसणारा डमी प्लग फेकला नसेल तर डीकोडर काढून तो लावा आणि मीटरभर सरळ रुळावर इंजिन साध्या डीसीवर चालवा. सावकाश चालवा, वेगात सगळीच इंजिनं गुळगुळीत वाटतात. इथेही अडखळलं तर डीकोडर निर्दोष सुटला. छान चाललं तर आता कुठे डीकोडरवर संशय घ्यायला हरकत नाही. त्यातही पहिल्यांदा प्लग नीट दाबून बसवा आणि तारा बघा. लाल आणि काळी रुळांकडे जातात, नारिंगी आणि करडी मोटरकडे, पांढरी व पिवळी दिव्यांना, निळी सगळ्यांची सामाईक. बॉडी बसवताना चिमटलेली करडी तार हा अगदी नेहमीचा सापडलेला चोर.

जुन्या इंजिनांत आणखी दोन गोष्टी. मोटरच्या दोन्ही ब्रशांचा चेसीशी काहीही संबंध असता कामा नये. पूर्वी एक ब्रश सरळ चेसीला टेकवलेला असायचा. तसा राहिला तर डीकोडर अडखळत नाही, जळतो. दुसरी, मोटरवर आडवा लावलेला छोटा कपॅसिटर. तो रेडिओ-टीव्हीत खरखर येऊ नये म्हणून होता. डीकोडर बसवताना तो बहुतेक वेळा काढावा लागतो, आणि का ते पुढे येतंच.

जुन्या मोटरचा कॉम्युटेटर काळा झाला असेल तर अल्कोहोलने पुसा आणि त्याच्या फटींतली कार्बनची भुकटी टूथपिकने काढा. ती भुकटी शेजारच्या दोन पट्ट्यांना जोडते आणि मोटर उगीचच जास्त करंट ओढते. एचओचा साधा डीकोडर एक अँपिअरच्या आसपासचा असतो. इंजिन दहा मिनिटं छान चालून थांबतं, थोड्या वेळाने आपोआप बरं होतं, अशी तक्रार असेल तर डीकोडर तापून स्वतःला वाचवतोय. मोटर बोटाने अडवून पूर्ण व्होल्टवर ती किती करंट ओढते ते क्षणभर मोजा. डीकोडरच्या मर्यादेपलीकडे असेल तर मोटर बदला.

आता सीव्ही

इथपर्यंत आलात तर सेटिंगची वेळ झाली. थरथरीचं सर्वांत मोठं कारण बॅक-ईएमएफ. डीकोडर मोटरला सलग वीज देत नाही, झटपट चालू-बंद करत देतो. मधूनमधून तो पूर्ण हात आखडता घेतो. त्या क्षणी फिरणारी मोटर डायनामो बनते आणि जितकी वेगात फिरतेय तितका दाब तयार करते. डीकोडर तो मोजतो, हव्या वेगाशी ताडून बघतो आणि कमी-जास्त करतो. चढावर इंजिन मंदावत नाही ते यामुळे. मोटरवर कपॅसिटर राहिला असेल तर त्यात साठलेला दाब या मोजणीत मिसळतो, डीकोडरला खोटा वेग दिसतो आणि तो उगाच झगडत बसतो.

डीकोडर चूक दिसल्यावर किती आक्रमकपणे सुधारतो तेही सीव्हीत ठरतं. फार आक्रमक असेल तर अगदी हळू चालताना इंजिन घुरघुरत थरथरतं: जास्त दिलं, कमी केलं, जास्त दिलं. बॅक-ईएमएफ तात्पुरतं बंद करून चालवा. थरथर गेली तर कारण सापडलं. मग अंदाजाने आकडे फिरवण्यापेक्षा डीकोडरची स्वयंचलित जुळणी असेल तर ती वापरा. ईएसयूच्या लोकसाउंड 5 मध्ये सीव्ही 54 ला 0 लिहायचा आणि कंट्रोलरवरचं एफ1 बटण दाबायचं. इंजिन पूर्ण वेगाने झेपावतं, थांबतं आणि आपल्या मोटरचे आकडे स्वतः लिहून घेतं. समोर लांब सरळ रूळ असू द्या, टेबलाची कड नको. दोन इंजिनं एकत्र जोडून चालवत असाल तर दोघांचं बॅक-ईएमएफ एकमेकांशी भांडतं. आधी दोघांचा वेग जुळवा.

दिवा वेगाबरोबर उघडझाप करतो, नॉबच्या एका पायरीला लागतो, पुढच्या पायरीला विझतो? हा बिघाड नाहीच. जुन्या 14 पायऱ्यांच्या पद्धतीत आज्ञेतला जो बिट दिव्यासाठी होता, तोच 28 पायऱ्यांच्या पद्धतीत वेगाची अर्धी पायरी सांगतो. कंट्रोलर 28 बोलतोय, डीकोडर 14 ऐकतोय. सीव्ही 29 मध्ये 2 मिळवला की मिटलं.

शॉर्टनंतर वीज परत आली आणि इंजिन एकदम पूर्ण वेगाने सुसाट सुटलं, हे ज्याने पाहिलंय तो विसरत नाही. बऱ्याच डीकोडरना डीसीवरही चालायची मुभा दिलेली असते. वीज परत येताना पहिले संदेश विस्कटलेले पोचले की तो समजतो आपण डीसीवर आहोत, आणि रुळावर तर पूर्ण दाब आहे! डीसीवर चालवायचं नसेल तर ही मुभा काढून टाका. सीव्ही 29 मधून 4 वजा करायचे: 6 असेल तर 2, लांब पत्त्याच्या इंजिनात 38 असेल तर 34. माझ्या मते हे प्रत्येक नव्या इंजिनाला पहिल्याच दिवशी करावं. लेआउट मोठा असून मुख्य तारा दहा मीटरपेक्षा लांब असतील तर टोकाला लहरी उलटून संदेश बिघडतात. तारा एकमेकींना पीळ देऊन न्या आणि टोकाला 100 ओहमचा रेझिस्टर व 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापाठोपाठ जोडून दोन्ही तारांमध्ये लावा.

काही तक्रारी तर तक्रारीच नसतात. इंजिनाचे दिवे लागतात, शिट्टी वाजते, पण ते हलत नाही: सीव्ही 19 बघा. मागे कधीतरी जोडीने चालवलं होतं आणि जोडीचा पत्ता त्यात राहून गेलाय, म्हणून ते स्वतःच्या नावाने दिलेला वेग मानत नाही. तिथे 0 लिहा. नॉब फिरवून दोन सेकंद काहीच होत नाही, मग निघतं: आवाजाचे डिझेल डीकोडर आधी इंजिनाचा आवाज चढवतात आणि मग चाक फिरवतात, तसंच बनवलेलं आहे. एकाच नॉबने दोन इंजिनं निघाली: दोघांचा पत्ता अजून कारखान्याचाच, 3. मोबाइलवरून चालवताना वेग टप्प्याटप्प्याने, उशिरा बदलत असेल तर दुसऱ्या कंट्रोलरने चालवून बघा. दोष वायफायचा असू शकतो.

प्रोग्रामिंग ट्रॅक आणि स्टे-अलाइव्ह

प्रोग्रामिंग ट्रॅकवर, म्हणजे सेटिंगसाठी वेगळ्या ठेवलेल्या रुळावर, सीव्ही वाचताना इंजिन बारीक थरथरतं, नवख्यांना ते बिघडल्यासारखं वाटतं. डीकोडरकडे बोलायला वेगळी तार नाही. स्टेशन विचारतं, 'बिट असा आहे का?' आणि हो म्हणायचं असेल तर डीकोडर मोटरला क्षणभर वीज देऊन निदान 60 मिलिअँपिअर जास्त ओढतो, सहा मिलिसेकंद. ती थरथर म्हणजे उत्तर. त्यामुळे इंजिन सीव्ही लिहून घेतं पण वाचता येत नाही, असं झालं तर मोटरची तार किंवा पिकअप तपासा. वीज धड पोचत नाही याचा हा पहिला पुरावा असतो.

राहता राहिला स्टे-अलाइव्ह, म्हणजे डीकोडरला जोडायचा मोठा कपॅसिटर, जो वीज तुटली तरी काही क्षण इंजिन चालवत ठेवतो. छोट्या शंटरला तो वरदान आहे. पण मळक्या इंजिनाला बसवला तर मळ लपतो, जात नाही. शिवाय रुळाशी संपर्क तुटलेलं इंजिन चालत असतं तेव्हा ते तुमचा 'थांब' ऐकत नसतं, आणि समोर बफर असतो. त्यामुळे चाकं, रूळ, सांधे हे सगळं झाल्यावर तो बसवा. बसवल्यावर काही डीकोडर प्रोग्रामिंग ट्रॅकवर वाचता येत नाहीत, कारण कपॅसिटर भरताना ओढलेल्या करंटमध्ये ते 60 मिलिअँपिअरचं उत्तर बुडून जातं. म्हणून बसवायच्या आधी सगळे सीव्ही वाचून कुठेतरी लिहून ठेवा, किंवा संगणकावर जेएमआरआयच्या डीकोडरप्रो या प्रोग्रॅममध्ये जतन करा. पुढचे बदल मुख्य रुळावरूनच लिहिता येतात.